सांडशी

घर बदलताना सांडशी हरवते. हा माझा दोन वेळचा अनुभव आहे आणि माझी खात्री आहे की, तो पुष्कळ घरांतला असेल. कपाटे येतात, पलंग येतात, देव टोपलीत बसून येतात, लोणच्याची बरणीदेखील कुणाच्या तरी मांडीवर बसून न हिंदकळता येते. यादीवर एकेक खूण होत जाते. मग नव्या स्वयंपाकघरात पहिले दूध तापत ठेवावे, ते वर येऊ लागावे आणि हात सवयीने भिंतीकडे जावा. तिथे खिळाही नसतो आणि सांडशीही नसते. पदराने भांडे उतरवताना बोटे पोळतात, तेव्हा कुठे लक्षात येते की, सांडशीला आपण कधी सामान म्हणून मोजलेच नव्हते. ती यादीत नव्हती, म्हणून ती आली नाही.

ही गोष्ट मला पुन्हा आठवली ती २०२५ च्या सप्टेंबरात, आणि तीही स्वयंपाकघरात नव्हे, तर महाविद्यालयातल्या एका जुन्या संगणकासमोर.

मी जालना जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवते. आमच्या वर्गात येणारी बरीचशी मुले खेड्यांतली. कुणी अंबडकडून येते, कुणी घनसावंगीकडून, कुणी परतूर, मंठा, भोकरदनकडून. एसटी चुकली की पहिला तास चुकतो. या मुलांना लोकसाहित्य शिकवताना माझ्या मनात आले की, पुस्तकातल्या ओव्या फळ्यावर लिहिण्यापेक्षा यांच्या आज्यांच्या तोंडच्या ओव्या का ऐकू नयेत? जाती केव्हाच अंगणाच्या कोपऱ्यात पडली आहेत, पीठ गिरणीतून येते. पण पहाटेच्या अंधारात जात्यावर बसलेल्या बाईने जे म्हटले, ते अजून काही म्हाताऱ्यांच्या ओठांवर आहे. हे काम काही मी शोधून काढलेले नाही. हेमा राइरकर आणि गी पॉइटवँ या दोघांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि २०१७ पासून त्या 'पारी' या संस्थेने जगापुढे आणल्या. त्या सागरापुढे आमचे चारशे ओव्यांचे पाणी म्हणजे नुसती ओंजळ. पण ती आमच्या जिल्ह्यातली ओंजळ होती. तीत गोदाकाठ होता, अंबडची मत्स्योदरी होती, आणि सासरी दिलेल्या लेकीची वाट होती.

मुले मोबाइलवर आवाज टिपून आणीत. तो आवाज, खाली ओवीचे शब्द, बाईचे नाव आणि गाव, असे सगळे एका ठिकाणी ठेवून कुणालाही ऐकता यावे, अशी सोय आमच्याकडे एका तरुण प्राध्यापकाने करून दिली. तो संगणकशास्त्र शिकवायचा, तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास तितके पैसे, आणि सुट्टीत काहीच नाही. कार्यालयाने टाकून दिलेला एक संगणक त्याने उचलला, धूळ झाडली, आत नवी तबकडी घातली, आणि आमच्या विभागाच्या कोपऱ्यात लोखंडी कपाटाशेजारी ठेवून दिला. त्या पेटीत उबुंटू नावाची फुकट मिळणारी कार्यप्रणाली, तिच्यावर अपाची नावाचा सर्व्हर, पीएचपी भाषेत लिहिलेली पाने आणि ओव्यांची नोंदवही म्हणून एक डेटाबेस. आम्ही फक्त कळ दाबून ओवी ऐकायची. २०२३ साली त्याला पुढे तास मिळाले नाहीत. तासिका तत्त्वावरच्या माणसाला निरोपसमारंभ नसतो. वेळापत्रकातून त्याचे नाव जाते, इतकेच. पेटी मात्र कोपऱ्यात गुणगुणत राहिली. मुले नवे आवाज आणीत राहिली आणि त्या पेटीत घालीत राहिली.

पेटीतली उबुंटू होती २०.०४ क्रमांकाची. हा क्रमांक म्हणजे नुसता वर्ष आणि महिना: २०२० सालचा एप्रिल. अशा आवृत्तीची नेहमीची देखभाल पाच वर्षे चालते. ती २०२५ च्या मे महिन्यात संपली. पडद्यावर सूचना येऊ लागली. महाविद्यालयाने संगणक दुरुस्त करणाऱ्या एका मुलाला बोलावले. त्याने गुरुवारी दुपारी बसून पेटीला २२.०४ वर नेले. दोन तास पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धावत होत्या. मधेमधे यंत्र काहीतरी विचारी आणि तो न वाचता 'हो' म्हणे. शेवटी पेटी बंद होऊन पुन्हा सुरू झाली. पडदा नवा, रंग नवे, सगळे कसे रंगरंगोटी केल्यासारखे.

मी ओव्यांचे पान उघडायला गेले, तर ते उघडेना.

"सिस्टीम तर चालू आहे, मॅडम," तो म्हणाला.

"पण पान दिसत नाही ना!"

त्याने इकडे तिकडे पाहिले, दोनचार कळा दाबल्या आणि म्हणाला, "फॉर्मॅट मारून देतो. सगळं साफ करून नवीन टाकतो. सोमवारी येतो."

प्राचार्यांनाही ते पटले. सोमवार, १५ सप्टेंबर. बुधवारी १७ तारीख, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. १९४८ साली त्या दिवशी निजामाच्या राजवटीतून आमचा मुलूख सुटला. त्या दिवशी ज्यांच्या ओव्या आम्ही टिपल्या होत्या अशा काही आज्यांना बोलावून त्यांना त्यांचेच आवाज ऐकवायचे असे मी ठरवले होते. गाड्यांची सोय झाली होती, चहाचे सांगून झाले होते.

शुक्रवारी तास संपल्यावर तिसऱ्या वर्षातली एक मुलगी माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिची आजी त्याच आषाढात गेली होती. "मॅडम, आजीचा आवाज आहे ना?" तिने विचारले. "माझा तो मोबाइल पाण्यात पडला. घरी दुसरं कुठंच नाही."

"आहे की," मी म्हटले. पण म्हणताना माझ्या पोटात खड्डा पडला. कपाटात एक वेगळी तबकडी होती खरी, पण तिच्यावरची शेवटची प्रत २०२३ सालची. जो प्रती काढी तोच गेल्यावर कुणी प्रती काढल्या नव्हत्या. मुलीने आजीचा आवाज पेटीत घातला तो २०२४ साली. म्हणजे तो आवाज जगात एकाच ठिकाणी होता, आणि ते ठिकाण सोमवारी धुऊन काढायचे ठरले होते.

शनिवारी रात्री मी त्या तरुणाला फोन केला. दोन वर्षांत मी त्याला एकदाही फोन केला नव्हता. तो आता एका बियाण्यांच्या कंपनीत संगणकांवर देखरेख करतो. काय बोलावे हे ठरवीत मी पाच मिनिटे हातात फोन धरून बसले होते. त्याने मात्र काल भेटल्यासारखा आवाज दिला, "बोला मॅडम!" सगळे ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न विचारला, "फॉर्मॅट मारलं नाही ना अजून?"

"नाही."

"मग काही गेलं नाही. गोदामात माल आहे, मॅडम. दुकानाचं दार तेवढं उघडत नाही. उद्या पेटीसमोर बसा, मी फोनवर सांगतो."

घरी मी हे सांगितले तेव्हा यजमान वर्तमानपत्रातून मान वर करून म्हणाले, "अगं, तू मराठीची. तुला त्यातलं काय कळणार?"

"वाचता येतं मला," मी म्हटले. आणि पुढे जे झाले त्याचे सार या एवढ्या उत्तरात आहे.

रविवारी सकाळी आमच्या शिपाईमामांनी विभाग उघडून दिला. ती मुलगीही आली होती. फोन टेबलावर उताणा ठेवला. पहिली गोष्ट त्याने करायला लावली ती म्हणजे ओव्यांचे सगळे आवाज आणि नोंदवही यांची एक प्रत वेगळ्या तबकडीवर काढून घेणे. अर्ध्या तासात ती झाली. मुलीने तिच्यावर आजीचे नाव शोधले, सापडले, आणि तिने खुर्चीला पाठ टेकली. खरे म्हणजे घाबरण्याचे कारण तिथेच संपले होते. पण बुधवार उरला होता.

"आता सर्व्हरला विचारा, तुझी मांडणी तपासून सांग," फोनमधून आवाज आला. त्याने एक आज्ञा सांगितली, मी ती टंकली. उत्तरादाखल एक लांबलचक इंग्रजी वाक्य आले. माझ्या आधी त्या मुलाने ते पाहिले असेल, पण वाचले नसावे. मी ते परीक्षेच्या उताऱ्यासारखे वाचले. कर्ता कोण, कर्म कोणते, क्रिया काय. मुख्य फाइलच्या अमुक ओळीत दोष. तो दोष कशामुळे, तर दुसऱ्या एका फाइलच्या तिसऱ्या ओळीतल्या दोषामुळे. आणि तो कशामुळे, तर पीएचपी ७.४ चे मॉड्यूल सर्व्हरमध्ये आणता येत नाही. का, तर त्या नावाची फाइलच अस्तित्वात नाही. एकात एक गुंतलेली तीन वाक्ये. मोरोपंतांच्या आर्येचा अन्वय लावणाऱ्या बाईला हे जड जाऊ नये.

"म्हणजे निमंत्रितांच्या यादीत नाव आहे, पण तो पाहुणा गाव सोडून गेला आहे?" मी विचारले.

"अगदी तसंच, मॅडम!"

या सर्व्हरची रचना मोठी गमतीची आहे. जे त्याचे मूळ अंग आहे ते अगदी थोडे काम करते. कुणी दार ठोठावले की हवे ते पान आणून द्यायचे, बस्स. बाकीची कामे वेगवेगळ्या मॉड्यूलांची. कुणी कुलूपकिल्ली पाहतो, कुणी पत्ता बदलून देतो, कुणी पीएचपी वाचून तिचे पान बनवतो. यांच्या दोन खोल्या असतात. एकीत हजर असलेल्या सगळ्यांच्या चिठ्ठ्या, दुसरीत ज्यांना कामावर बोलावले आहे त्यांच्या. कार्यप्रणाली बदलताना पीएचपी ७.४ निघून गेली. तिची स्वतःची देखभाल तर २०२२ च्या नोव्हेंबरातच थांबली होती. तिच्या जागी ८.१ यायची. पण कामावर बोलावलेल्यांच्या खोलीत जुनी चिठ्ठी तशीच राहिली, आणि चिठ्ठीवरच्या पत्त्यावर कुणी नव्हते. अशा वेळी हा सर्व्हर काय करतो? एक मानकरी आला नाही म्हणून लग्नघरातला एखादा मामा जसा मांडवच अडवून धरतो, तसा हा दारच उघडत नाही. उरलेले सगळे हजर असले तरी नाही.

मला त्याचा आधी राग आला. मग वाटले, बरेच आहे. निदान हा सांगतो तरी.

चहा आला तेव्हा त्या तरुणाने या अपाचीची जन्मकथा सांगितली. १९९० नंतरच्या काळात अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या एका केंद्रात रॉब मॅककूल नावाच्या तरुणाने एक सर्व्हर लिहिला. तो लोकांना आवडला, जगभर पसरला. १९९४ च्या मध्याला मॅककूल ते केंद्र सोडून गेला आणि सर्व्हर पोरका झाला. त्यात दोष निघत, पण दुरुस्त करायला घरात कुणी नव्हते. मग तो वापरणारेच लोक आपापल्या जागी ठिगळे लावू लागले आणि ती एकमेकांना पाठवू लागले. १९९५ च्या फेब्रुवारीत त्यांतले आठजण एकत्र आले आणि त्यांनी सगळी ठिगळे एका ठिकाणी शिवली. इंग्रजीत ठिगळाला म्हणतात पॅच. म्हणून 'अ पॅची', ठिगळांचा, सर्व्हर, अशी कोटी लोक सांगतात. नाव ठेवणारे म्हणत की, अमेरिकेतल्या अपाची या आदिवासी जमातीच्या आदराखातर ते ठेवले. त्याच साली रॉबर्ट थाउ याने त्याची घडणच बदलली, आणि मॉड्यूले लावावीत, काढावीत अशी सोय त्यात आली. डिसेंबरात पहिली पक्की आवृत्ती निघाली आणि बघता बघता तो जगात सर्वांत जास्त वापरला जाणारा सर्व्हर झाला.

"म्हणजे गोधडी!" कोपऱ्यात उभे असलेले मामा एकदम म्हणाले. आम्ही हसलो, पण इतका नेमका शब्द मला सुचला नव्हता. जुन्या लुगड्यांचे तुकडे, अनेक हातांचे टाके, आणि घरातल्या सगळ्यांना पुरेल एवढी ऊब. आमच्याकडे वाकळ म्हणतात. वाकळीचा एक टाका उसवला तर ती फाटत नाही, हे मात्र या इंग्रजी गोधडीला अजून शिकायचे आहे.

चहा संपला. त्याने एक आज्ञा सांगितली: ए-टू-डिस-मॉड. मी म्हटले, थांब, याचा विग्रह करू दे. ए-टू म्हणजे अपाची दोन, डिस म्हणजे नको, मॉड म्हणजे मॉड्यूल. 'अपाचीत नको असलेले मॉड्यूल' काढून टाका! तत्पुरुष समास. तो हसला, पण पुढच्या सगळ्या आज्ञा मला त्या एका विग्रहावरून कळू लागल्या. जुनी चिठ्ठी निघाली. सर्व्हरला पुन्हा विचारले; त्याने दोन शब्दांत उत्तर दिले की, वाक्यरचना ठीक आहे. मी उतावीळ झाले. त्याने काही सांगण्याआधीच सर्व्हर सुरू केला आणि पान उघडले.

पान उघडले, पण पडद्यावर ओव्या नव्हत्या. डॉलरची चिन्हे, कंस, अर्धविराम, इंग्रजी शब्द, असले काही भराभर आले. मी त्याला वाचून दाखवू लागले आणि पलीकडून तो जवळजवळ ओरडलाच, "मॅडम, बंद करा! आधी सर्व्हर बंद करा!"

बंद केल्यावर त्याने समजावून सांगितले. जुनी पीएचपी काढली होती, नवी आली नव्हती. मग सर्व्हरला ती पाने वाचून दाखवणारा कुणी उरला नाही. त्याने ती जशीच्या तशी बाहेर नेऊन ठेवली. कीर्तनाला लोक जमावेत आणि बुवांऐवजी बुवांची टिपणवही कुणीतरी गर्दीत फिरवावी, तसे. त्या पानांतच कुठे डेटाबेसचा परवलीचा शब्द लिहिलेला असला तर तोही साऱ्या जगाला दिसावा. बंद दारापेक्षा असे उघडे दार वाईट. दार न उघडणाऱ्या सर्व्हरवरचा माझा उरलासुरला राग त्या क्षणी गेला.

मग नवे मॉड्यूल मागवले. अपाचीसाठी पीएचपी ८.१ जोडणारे. ते आले आणि त्याने स्वतःच आपली चिठ्ठी कामाच्या खोलीत लावून घेतली. सर्व्हर सुरू केला. आता पान आले ते पांढरे, कोरे. "आता चुकांची वही वाचा," तो म्हणाला. सर्व्हर एक रोजनिशी ठेवतो. तिच्या शेवटच्या ओळी वाचायच्या. तिथे लिहिले होते की, नोंदवहीशी बोलणारा वर्ग सापडत नाही. म्हणजे पीएचपीला डेटाबेसशी जोडणारा दुवाही गेला होता. तो आणला. पुन्हा कोरे पान. पुन्हा वही. आता गेलेल्याचे नाव होते एमबीस्ट्रिंग.

"हा कोण?" मी विचारले.

"हा तुमचा माणूस, मॅडम. याच्यावाचून मराठी चालत नाही."

हा एमबीस्ट्रिंग मला फार आवडला, म्हणून त्याच्याविषयी थोडे सांगते. संगणक अक्षरे ठेवतो ती बाइट नावाच्या लहान लहान खणांत. इंग्रजीचे एक अक्षर एका खणात मावते. जगातल्या सगळ्या लिप्या एका कोष्टकात आणणारे युनिकोड १९९१ साली निघाले. देवनागरी त्यात पहिल्यापासून आहे. १९९२ साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, ताटाखालच्या कागदावर, ही अक्षरे खणांत ठेवण्याची एक पद्धत आखली. तिचे नाव यूटीएफ-८. आज जवळजवळ सगळे जग तीच वापरते. तिच्यात देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन खण लागतात. काना, मात्रा, वेलांटी यांनाही तीन. 'जालना' लिहायचे तर ज, काना, ल, न, काना अशी पाच चिन्हे, म्हणजे पंधरा खण. पीएचपीची जी मूळची अक्षरे मोजण्याची रीत आहे तिला हे ठाऊक नाही; ती खण मोजते आणि त्यांनाच अक्षरे समजते. आमच्या पानावर प्रत्येक ओवीची सुरुवातीची चाळीस अक्षरे दिसतात. तिथे खण मोजून कात्री चालवली तर एखादे अक्षर मधोमध कापले जाते आणि त्याच्या जागी काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह उमटते. एमबीस्ट्रिंगला अनेक खणांचे अक्षर ओळखता येते. तो कापतो ते सांध्यावर. लेखनाच्या वह्या तपासताना ऱ्हस्वदीर्घासाठी मी जी लाल शाई खर्च करते, तिचे चीज करणारा एक जीव या पेटीत इतकी वर्षे राहत होता आणि मला त्याचे नाव ठाऊक नव्हते.

"पण हे दोघं गेलेच का? नवीन कार्यप्रणालीत ते नाहीत का?"

"आहेत. माझी चूक, मॅडम," तो म्हणाला. "मी बसवताना ७.४ चा एमबीस्ट्रिंग असं आवृत्तीसकट नाव घेऊन बोलावलं होतं. नुसता पीएचपीचा एमबीस्ट्रिंग म्हटलं असतं, तर नवी पीएचपी आल्यावर तिचा एमबीस्ट्रिंगही मागोमाग आला असता. घाईत होतो त्या वेळी."

मला ते लगेच कळले. गल्लीत 'पोस्टमन आले का?' असे विचारले तर जो कुणी त्या दिवशी पत्रे वाटीत असेल तो येईल. पण एका पोस्टमनचे नाव घेऊन बसलो आणि त्याची बदली झाली, तर पत्रे पेटीतच राहायची. आज्ञावलीत नाव कसे घ्यावे हा व्याकरणाचा प्रश्न आहे, हे मी त्या दिवशी शिकले. विशेषनाम कुठे आणि सामान्यनाम कुठे.

तो घाईत का होता हे मात्र मी विचारले नाही. ते मला आठवत होते. त्या वर्षी त्याला आमच्याकडे सकाळचे तास होते आणि दुपारचे तास दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात. ओव्यांच्या कामाचा एकही तास वेळापत्रकात नव्हता, आणि म्हणून त्या कामाचा एकही रुपया त्याला मिळाला नव्हता.

एमबीस्ट्रिंग आला. सर्व्हर थांबवून पुन्हा सुरू केला. पान उघडले. ओव्यांच्या ओळी सरळ, अखंड, खाली खाली उतरत गेल्या. मुलीने खाली सरकत जाऊन आजीचे नाव काढले आणि कळ दाबली. आधी कोंबडा आरवल्याचा आवाज, मग कुणीतरी 'बोल ना आता' म्हटल्याचा, आणि मग ती ओवी. मामा दारात होते, ते तिथेच थांबले. फोन टेबलावर उताणाच होता. पलीकडून बराच वेळ काही ऐकू आले नाही. ओवी संपल्यावर तो म्हणाला, "आलं का?" जणू त्याने ऐकलेच नव्हते.

"आलं," मी म्हटले.

समर्थ रामदास जन्मले ते जांब गाव आमच्याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे, हे मी दरवर्षी शिकवते आणि मुले दरवर्षी त्याला कंटाळतात. अक्षर कसे काढावे, ओळी कशा राखाव्यात, बोरू कसे असावेत, शाई कशी असावी, जवळ कोणकोणती हत्यारे ठेवावीत. मोक्षाची वाट सांगणाऱ्या ग्रंथात या बारीकसारीक वस्तूंची यादी कशाला, असे मलाही पूर्वी वाटे. रविवारी घरी येताना वाटले नाही. ग्रंथ टिकतो तो विचारांच्या थोरवीने आणि तितकाच बोरूच्या टोकाने. सांडशीला सामान समजणारा कुणीतरी असावा लागतो. म्हणून मी सोमवारी एक पुठ्ठा घेतला, त्यावर मोठ्या अक्षरांत पेटीतल्या सगळ्या मॉड्यूलांची नावे लिहिली, कोण काय करतो तेही लिहिले, दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी प्रत काढायची असे लिहिले, आणि तो पुठ्ठा लोखंडी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. फॉर्मॅट मारायला आलेल्या मुलालाही तो दाखवला. त्याने मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून घेतला. मुलगा वाईट नव्हता; त्याला कुणी थांबून वाचायला सांगितले नव्हते, एवढेच.

बुधवारी झेंडावंदनानंतर आज्या आल्या. नऊवारी सावरीत जिना चढल्या, खुर्च्यांवर बसायचे की सतरंजीवर यावर थोडा वाद घालून सतरंजीवर बसल्या. आम्ही एकेक आवाज लावू लागलो. मंठा तालुक्यातल्या एका गावच्या दोन जावा शेजारी शेजारी बसल्या होत्या. पडद्यावर थोरलीचे नाव आले, ओवी सुरू झाली, आणि थोरली ठसक्यात म्हणाली, "ही मी न्हाई. ही धाकली हाय."

मी चमकले. धाकटीने पदर तोंडाला लावला होता. "तीन वर्सं झाली, बाई," ती म्हणाली. "नातवानं दावलं व्हतं मोबाइलवर. तवाच म्हन्लं, नाव ताईंचं हाय. म्हन्लं, असू दे. काय बिघडतंय?"

नावे टंकणाऱ्या मुलाने दोघींची अदलाबदल केली होती. तीन वर्षे. एक मॉड्यूल जागेवर नव्हते तेव्हा सर्व्हरने दार अडवून धरले. ओळ क्रमांकासकट तक्रार केली. इथे एका बाईचे गाणे दुसरीच्या नावावर तीन वर्षे वाजत राहिले, आणि कुठल्याही वहीत त्याची चूक म्हणून नोंद झाली नाही. यंत्राला यादीतले कमी झालेले कळते. यादीतच चुकले असेल, किंवा नाव यादीत कधी चढलेच नसेल, तर ते त्याला कळत नाही. ते आपल्यालाच कळायला हवे, आणि आपण तर सणासुदीच्या घाईत असतो.

मी तिथल्या तिथे नावे बदलली. दोघींनी पडद्याकडे बोट करून वाचून घेतली. म्हणजे नातवाने वाचली आणि त्यांनी माना हलवल्या.

त्या रात्री मी तरुणाला पुन्हा फोन केला. कार्यक्रम कसा झाला ते सांगितले, जावांची गोष्ट सांगितली. तो पोट धरून हसला. मग मी म्हटले, "पानाच्या खाली संपादक म्हणून माझं नाव आहे, संग्राहक म्हणून मुलांची नावं आहेत. ज्यानं हे उभं केलं त्याचं नाव कुठंच नाही. मी ते घालतेय."

"काहून, मॅडम?" तो म्हणाला. "नाव घालाल तर पुन्हा बिघडलं की सगळे मलाच फोन करतील."

"म्हणूनच घालतेय," मी म्हटले.

तो काही बोलला नाही. मग म्हणाला, "दिवाळीत गावी येणार आहे. पेटी एकदा उघडून आतली धूळ काढून देतो."

मी त्याला फराळाला बोलावले. त्याचे नाव आता पानावर आहे, आणि कपाटाच्या दारावरच्या पुठ्ठ्यावरही आहे. मॉड्यूलांच्या यादीत, सगळ्यांत वर.